एकाहत्तरची लढाई, निक्सनच्या टेपा आणि पत्रावरचं पाच पैशांचं जादा तिकीट

घरातल्या जुन्या ट्रंकेत १९७२ च्या आसपासचं एखादं पत्राचं पाकीट सापडलं तर नीट बघा. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवलेलं दिसेल. काही तिकिटांवर कुटुंब नियोजनाचं चित्र आणि त्यावर वरून छापलेले ‘रेफ्युजी रिलीफ’ हे शब्द असतात. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत देशभरात टपालावर हे पाच पैसे जादा भरावे लागत. पोस्टकार्डं आणि वर्तमानपत्रं तेवढी वगळली होती. गावाकडची ख्यालीखुशाली कार्डावरच कळवली जायची, म्हणून अनेक घरांत ही गोष्ट आता कुणाच्या लक्षातही नसेल. तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते कराडचे यशवंतराव चव्हाण.

हे पैसे गोळा होत होते ते पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, जीव वाचवून भारतात आलेल्या सुमारे एक कोटी माणसांसाठी. आणि ज्या लष्करी राजवटीनं त्यांना घरदार सोडायला लावलं, तिच्या पाठीशी अमेरिका उभी होती. अध्यक्ष होते रिचर्ड निक्सन.

दरवर्षी १६ डिसेंबरला विजय दिन साजरा होतो. माजी सैनिकांचे सत्कार होतात आणि भाषणात एक वाक्य हमखास येतं, ‘अमेरिकेचं सातवं आरमार निघालं होतं, तरी आपण डगमगलो नाही.’ ते खरंच आहे. पण ते आरमार कुणी, कशासाठी पाठवलं, त्याबद्दल जगाला काय सांगितलं आणि बंद दाराआड काय बोललं गेलं, हे भाषणात येत नाही.

निक्सन सरकारवर त्यांच्या देशात तीन मोठे आरोप झाले. ते खोटं बोलतं, त्याचं धोरण चुकीचं आहे आणि त्याची भाषा सभ्य माणसाला शोभणारी नाही. एरवी हे तीन आरोप वेगवेगळे वाटतात. एकाहत्तरचं प्रकरण उलगडलं की ते एकाच दोरीचे तीन पदर होते हे कळतं.

ढाक्याहून आलेली तार

डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला पूर्वेकडच्या दोन सोडून सगळ्या जागा मिळाल्या आणि साऱ्या पाकिस्तानातलं बहुमतही. पंतप्रधान बंगाली होणार, हे पश्चिमेकडच्या पुढाऱ्यांना आणि लष्कराला पचलं नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री जनरल याह्या खान यांच्या फौजेनं ढाक्यात कत्तल सुरू केली. विद्यापीठाची वसतिगृहं, पोलिसांच्या बराकी, हिंदू मोहल्ले, काहीच सुटलं नाही. पुढच्या नऊ महिन्यांत किती माणसं मेली यावर आजही वाद आहे. बांगलादेशचा अधिकृत आकडा ३० लाख आहे, अनेक अभ्यासक तो कमी धरतात. पण लाखोंनी मेली, यावर फारसा वाद नाही.

ढाक्यात अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते आर्चर ब्लड. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलं. तीनच दिवसांत त्यांनी वॉशिंग्टनला तार केली, तिच्या मथळ्यातच वंशसंहार हा शब्द होता. वरून काही हालचाल होईना. मग ६ एप्रिलला ढाक्यातल्या २० अमेरिकी कर्मचाऱ्यांनी सही करून आपल्याच सरकारविरुद्ध असहमतीची तार पाठवली. लोकशाही चिरडली जात असताना आपलं सरकार साधा निषेधही करत नाही, ही नैतिक दिवाळखोरी आहे, असा तिचा सूर होता. ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला. वॉशिंग्टनमधल्या दक्षिण आशिया विभागातल्या अधिकाऱ्यांनीही दिला. दिल्लीतले अमेरिकेचे राजदूत केनेथ कीटिंग तर निक्सन यांच्याच पक्षाचे माजी सिनेटर होते. तेही हेच सांगत होते.

नोकरीत असताना वरिष्ठाला ‘तुमचं चुकतंय’ असं लेखी कळवायचं म्हणजे काय, हे पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंत कुठंही काम केलेल्या माणसाला सांगायला नको. ब्लड यांना ढाक्याहून हलवण्यात आलं. त्यांची पुढची वर्षं खात्यात बाजूला पडून गेली.

निक्सन यांनी २८ एप्रिलच्या एका टिपणावर स्वतःच्या हातानं शेरा मारला. सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेल्या त्या शेऱ्याचा मतलब असा, की या घडीला याह्यावर दबाव आणू नका.

पोटदुखीचं नाटक

याह्या खान यांची एवढी काळजी कशासाठी? तेव्हा हे कुणालाच कळत नव्हतं, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या बहुतेकांनाही नाही. निक्सन यांना चीनशी गुपचूप बोलणी करायची होती आणि निरोप्याचं काम याह्या खान करत होते.

जुलै १९७१ मध्ये निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीला आले. इंदिरा गांधींना भेटले, निर्वासितांबद्दल ऐकून घेतलं. तिथून ते पाकिस्तानात गेले. तिथं त्यांचं पोट बिघडलं आणि ते डोंगरातल्या नथियागलीला विश्रांतीला गेले, असं पत्रकारांना सांगण्यात आलं. पोट ठणठणीत होतं. ९ जुलैला ते पाकिस्तानी विमानानं बीजिंगला पोचले होते. १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर चीनभेटीची घोषणा केली तेव्हा जगानं तोंडात बोटं घातली. दिल्लीला मात्र त्या पाहुण्याच्या भेटीचा वेगळाच अर्थ लागला. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, भारतानं सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा करार केला.

गुप्त राजनय सगळेच देश करतात, त्याला सरसकट खोटेपणा म्हणता येणार नाही. पण शस्त्रांच्या बाबतीत जे झालं त्याला दुसरं नाव नाही. मार्चनंतर पाकिस्तानला शस्त्रं जात नाहीत, असा समज अमेरिकेच्या सरकारनं स्वतःच्या संसदेत आणि भारताकडंही करून दिला होता. परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग नुकतेच वॉशिंग्टनला जाऊन आले होते. आणि २२ जूनला न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी दिली, की लष्करी सामान भरलेली पाकिस्तानी जहाजं अमेरिकेच्या बंदरांतून निघताहेत. त्यातल्या एकाचं नाव ‘पद्मा’ होतं. बंगालच्या नदीचं नाव, आणि पोटात बंगाल्यांवर चालवायचा दारूगोळा.

यानंतर जे झालं ते आपल्याकडं फारसं माहीत नाही. जुलैत बाल्टिमोरच्या बंदरात काही साध्यासुध्या अमेरिकी माणसांनी वल्ह्यांच्या छोट्या होड्या घालून ‘पद्मा’ची वाट अडवली. क्वेकर पंथाचे लोक होते, लढाईलाच विरोध करणारे. त्यांना अटक झाली. बंदरावरच्या कामगारांनीही पाकिस्तानी जहाजं भरायला नकार दिला. ऑगस्टमध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी भारतात येऊन निर्वासितांच्या छावण्या पाहून गेले आणि परत जाऊन सरकारवर तुटून पडले. १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी जलसा केला.

म्हणजे निक्सन सरकारवरची टीका दिल्लीतून आली त्याहून कडक त्यांच्याच घरातून आली. ‘अमेरिका आपल्या विरोधात होती’ असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे.

बंद दाराआडची भाषा

४ आणि ५ नोव्हेंबर १९७१ ला इंदिरा गांधी वॉशिंग्टनला होत्या. फोटोत दोघं हसताना दिसतात. ५ तारखेच्या सकाळी, दुसऱ्या बैठकीआधी, निक्सन आणि किसिंजर आदल्या दिवसाचा आढावा घेत होते. निक्सन यांनी इंदिराजींना म्हातारी चेटकीण म्हटलं. किसिंजर यांनी वापरलेला शब्द इथं छापण्यासारखा नाही. भारतीयांच्या आईबापाचा उद्धारही त्यात आला. दुसऱ्या एका ध्वनिफितीत निक्सन भारतीय बायकांच्या रूपाबद्दल असं काही बोलतात, की चावडीवर कुणी बोललं तर म्हातारी माणसं त्याला तिथून उठवतील.

हे आपल्याला कळलं कसं? निक्सन यांनीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं! फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांनी आपल्या कार्यालयात लपवलेले मायक्रोफोन बसवून घेतले. कुणी बोलायला लागलं की टेप आपोआप सुरू व्हायची. पुढच्याच महिन्यात ढाक्यात गोळीबार सुरू झाला. त्यामुळं बांगलादेशचं जवळजवळ सगळं प्रकरण, पहिल्या बातमीपासून शरणागतीपर्यंत, त्या टेपांत आलं.

आता कुणी म्हणेल, पुढारी खाजगीत शिव्या देतातच, त्यात एवढं काय? पण त्या संभाषणांत एक कोटी निर्वासितांचा उल्लेख येतो तो बहुतेक भारताची कटकट म्हणून. समोरच्या माणसांबद्दल मनात तुच्छता असली की त्यांचं मरणही हिशेबात धरलं जात नाही. कीटिंग भारताची बाजू सांगू लागले तर त्यांचीही मागं टवाळी होत होती. ज्यानं खरं सांगितलं तो भारताच्या नादाला लागलेला, अशी एकदा समजूत करून घेतली की ढाक्याची तार वाचायची गरजच उरत नाही.

१० डिसेंबर

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि लढाई उघड सुरू झाली. ७ तारखेला किसिंजर यांनी पत्रकारांना सांगितलं, की आमचं सरकार भारतविरोधी नाही. त्याच्या चारच दिवस आधी, ३ डिसेंबरच्या बंद बैठकीत, त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं होतं, की भारताशी आपण पुरेसे कडक वागत नाही म्हणून अध्यक्ष दर अर्ध्या तासानं माझी खरडपट्टी काढताहेत, त्यांना पाकिस्तानच्या बाजूला झुकायचंय.

१० डिसेंबरचा दिवस तर वेगळा काढून बघण्यासारखा आहे. त्या रात्री पूर्व आघाडीवर जमालपूरच्या दक्षिणेला मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, रस्ता अडवून बसली होती. वेढ्यातून निसटू पाहणारी पाकिस्तानी तुकडी तिच्यावर चालून आली. पलटणीनं रात्रभर जागा सोडली नाही आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. ढाक्याची वाट मोकळी झाली.

त्याच १० तारखेला न्यूयॉर्कमध्ये किसिंजर चीनचे प्रतिनिधी हुआंग हुआ यांना गुपचूप भेटले. चीननं भारताच्या सीमेवर हालचाल केली तर अमेरिकेची हरकत नसेल, असं सुचवण्यासाठी. अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू जहाजासह आरमाराचा ताफा बंगालच्या उपसागराकडं धाडायचं ठरलं तेही त्याच दिवशी. कारण सांगितलं गेलं, ढाक्यातल्या अमेरिकी नागरिकांना सुखरूप काढायचंय. ढाक्यातले बहुतेक परदेशी लोक १२ डिसेंबरला विमानांनी बाहेरही पडले. तरी ताफा पुढं येतच राहिला आणि १५ च्या सुमाराला उपसागरात शिरला. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी फौजेनं ढाक्यात शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. चीन जागचा हलला नाही.

आणखी एक गोष्ट टेपांतून आणि कागदांतून पुढं आली. पाकिस्तानला विमानं द्यायला कायद्यानं बंदी होती, म्हणून जॉर्डन आणि इराणकडची अमेरिकी बनावटीची विमानं तिकडं वळवावीत, असा घाट निक्सन यांनी घातला. हे बेकायदेशीर ठरेल असा सल्ला खात्याच्या वकिलांनी दिला होता. जॉर्डनची विमानं तरीही गेली.

महिना उलटायच्या आत भांडं फुटलं. जॅक अँडरसन या पत्रकाराच्या हाती बंद बैठकांची इतिवृत्तं लागली आणि त्यानं ती छापली. ‘झुकायचंय’ हा शब्द जगभर गेला. अँडरसनला १९७२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

कुलूप फोडणारे पाच जण

कागद फुटतात याची निक्सन यांना आधीपासूनच धास्ती होती. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं जून १९७१ मध्ये छापून आली तेव्हा त्यांच्या माणसांनी ‘प्लंबर’ नावाची टोळी बनवली होती, गळती थांबवणारे म्हणून प्लंबर. कंबोडियावर १९६९ पासून चाललेली बॉम्बफेक संसदेपासून लपवण्यासाठी खोटी कागदपत्रं केली गेली होती. तेव्हा लपवायला बरंच होतं.

१७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी पक्षाच्या कार्यालयात, पाच माणसं पकडली गेली. त्यामागं प्लंबरमधलीच डोकी होती. अध्यक्षांच्या प्रवक्त्यानं ती किरकोळ घरफोडी ठरवली. नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले. पुढची कथा पुष्कळांना माहीत आहे. जुलै १९७३ मध्ये चौकशी समितीपुढं एका माजी कर्मचाऱ्यानं सांगून टाकलं, की अध्यक्षांच्या कार्यालयात सगळं टेप होतं. निक्सन टेपा देईनात. एका टेपेत साडेअठरा मिनिटं नुसती खरखर निघाली. आपण लबाड नाही, असं अध्यक्षांना देशापुढं बोलून दाखवावं लागलं.

एप्रिल १९७४ मध्ये त्यांनी स्वतः तपासून, गाळून, बाराशेहून जास्त पानांचा टेपांचा मजकूर प्रसिद्ध केला. शिव्यांच्या जागी ‘अपशब्द गाळला’ असं कंसात लिहिलेलं होतं. पानोपानी तेच! झालं उलटंच. जी कुटुंबं निक्सन यांना सभ्य, देवभोळा माणूस म्हणून मतं देत आली होती, ती हे वाचून हादरली. त्यांचं समर्थन करत आलेल्या शिकागो ट्रिब्यूननं राजीनामा मागितला. घरफोडी अनेकांना कळली नव्हती, कायद्याचा कीस कळत नव्हता, पण माणूस घरात कसा बोलतो हे सगळ्यांना कळलं.

२४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं टेपा द्यायला लावल्या. ५ ऑगस्टला बाहेर आलेल्या टेपेत तपास दाबण्याचा बेत निक्सन यांच्याच आवाजात होता. चारच दिवसांनी, ९ ऑगस्टला, ते पायउतार झाले. नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सप्टेंबरात त्यांना माफी देऊन टाकली, म्हणून खटला चाललाच नाही.

बांगलादेशाबद्दल मात्र त्यांना कुणी जाब विचारला नाही. महाभियोगाच्या मसुद्यात घरफोडी होती, पुरावा दडवणं होतं, ढाका नव्हतं. पण वॉटरगेट झालं नसतं तर टेपा निक्सन यांच्या खाजगी मालकीच्या राहिल्या असत्या. डिसेंबर १९७४ मध्ये कायदा करून सरकारनं त्या ताब्यात घेतल्या. निक्सन १९९४ मध्ये वारले, तोवर त्या उघड होऊ नयेत म्हणून ते कोर्टात भांडतच होते.

दुसरी बाजू

निक्सन यांची बाजू घेणारे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चीनशी संबंध उघडल्यानं जगाचं राजकारण बदललं. पर्यावरण रक्षणाची संस्था त्यांच्याच काळात उभी राहिली. एकाहत्तरबद्दल ते सांगतात, की भारत पश्चिम पाकिस्तानही मोडून काढील अशी गुप्त खबर होती, आरमार त्याला आवर घालण्यासाठी होतं. इंदिरा गांधींनी ढाक्यानंतर स्वतःहून युद्धविराम जाहीर केला. तो आरमाराच्या भीतीनं की मूळचाच बेत तसा होता, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

पण एप्रिलमध्ये चीनसाठी गप्प बसलो हे मान्य केलं, तरी जुलैत चीनचं दार उघडल्यावरही शस्त्रं आणि मौन का चालू राहिलं, या प्रश्नाला समर्थकांकडं धड उत्तर नाही. जुलै ते डिसेंबर छावण्यांत कॉलऱ्यानं आणि उपासमारीनं लेकरं मरत होती. त्रिपुरासारख्या छोट्या प्रदेशात स्थानिक माणसांच्या जवळपास तेवढेच निर्वासित झाले होते.

२००५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानंच १९७१ चे कागद आणि टेपांचा मजकूर प्रसिद्ध केला, तेव्हा चेटकिणीचा उल्लेख भारतातल्या पेपरात आला. किसिंजर यांनी खेद व्यक्त केला. तो शीतयुद्धाचा काळ होता, इंदिरा गांधींबद्दल आपल्याला आदरच आहे, असं ते म्हणाले. खेद शब्दांबद्दल होता. भारतीय बायकांबद्दलचं ते बोलणं तर बीप लावून झाकलेलं होतं. इतिहासकार गॅरी बास यांनी पाठपुरावा करून ते उघड करून घेतलं, तेव्हा २०२० उजाडलं होतं. किसिंजर २०२३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी वारले.

आर्चर ब्लड २००४ मध्ये गेले. त्यांची तार आज अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या असहमतीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मानली जाते. ज्या सरकारनं त्यांना ढाक्याहून हलवलं होतं, त्याच देशाच्या ढाक्यातल्या केंद्रातल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव दिलेलं आहे.